अर्जातली ‘विषय’ ही ओळ कशी लिहावी : आवक टेबलावरचा अनुभव

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. त्यातली सहा वर्षं तहसील कार्यालयाच्या आवक टेबलावर काढली. आम्ही त्याला बारनिशी म्हणतो. आलेला प्रत्येक कागद हातात घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, नोंदवहीत तारीख, अर्जदाराचं नाव आणि विषय उतरवायचा आणि कागद ज्या संकलनाचा, म्हणजे शाखेचा, असेल त्याच्या खणात टाकायचा. नोंदवहीत विषयाच्या रकान्याला जागा असते एका ओळीची, फार तर दीड.

गर्दीच्या दिवशी शंभर-सव्वाशे कागद यायचे. अशा वेळी अर्जाचा मजकूर वाचायला उसंत नसते. वाचली जाते ती फक्त ‘विषय’ ही ओळ. अर्ज पुरवठा शाखेत जाणार, कुळकायद्याकडे जाणार, संजय गांधी योजनेच्या टेबलावर जाणार की अभिलेख कक्षात, हे त्या ओळीवरून पाच-दहा सेकंदांत ठरतं. चार महिन्यांनी तुम्ही चौकशीला आलात आणि पोहोच हरवलेली असली, तर नोंदवहीत बोट फिरवून शोधायची तीही हीच ओळ. म्हणून ही ओळ साहेबांसाठी लिहू नका. जो तुमचा अर्ज वाचणार नाही आणि तरीही त्याची वाट ठरवणार आहे, त्या माणसासाठी लिहा.

एका अर्जाची हकीकत सांगतो. एका शेतकरी आजोबांच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. हस्तलिखित उताऱ्यावर ‘दगडू’ आणि संगणकाच्या उताऱ्यावर ‘दादू’. एवढ्या एका शब्दासाठी त्यांचं पीककर्ज अडलं. त्यांनी दोन पानी अर्ज केला. अक्षर सुरेख, हकीकत क्रमवार, दोन्ही उतारे जोडलेले. विषय मात्र एवढाच : ‘सातबाऱ्याबाबत.’

तो कागद मी अभिलेख कक्षाच्या खणात टाकला, कारण असा मोघम विषय असलेले बहुतेक अर्ज नकलेसाठी असायचे. तिथे तो नकलांच्या गठ्ठ्यात महिनाभर राहिला. मग त्यावर ‘उतारा तलाठ्याकडून घ्यावा’ असा शेरा पडला आणि तो सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, गेला. तलाठ्याने ‘उतारा दिला’ असं लिहून परत पाठवला. आजोबा तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा अर्ज पूर्ण वाचला. तोवर पेरणी उलटून गेली होती. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

‘सातबाऱ्याबाबत’ या एका शब्दाचे किती अर्थ होतात पाहा. नक्कल हवी असेल तर ते एक काम. उताऱ्यावरची लिहिण्यातली चूक दुरुस्त करायची असेल तर ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ चं प्रकरण, म्हणजे वेगळं टेबल. वडील वारल्यावर वारसांची नावं लावायची असतील तर तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे लेखी खबर, मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद. इतर हक्कांतलं कुळाचं नाव कमी करायचं असेल तर कुळकायदा. जागेवरच्या वहिवाटीचा आणि हद्दीचा मेळ बसत नसेल तर मोजणी, आणि मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे. म्हणजे ते कार्यालयही वेगळं. एका शब्दामागे पाच वाटा असल्या तर कारकून अंदाजाने एक धरतो.

आधी तोंडाने सांगा

कागद पुढे घेण्याआधी खिडकीपाशी उभे आहात अशी कल्पना करा. मागे रांग आहे आणि आतला माणूस विचारतो, “काय काम आहे?” त्याला एका दमात जे सांगाल तोच तुमचा विषय. खिडकीत कोणी “सातबाऱ्याबाबत” असं म्हणत नाही. “अहो, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करून हवंय,” असंच म्हणतो. तोंडाने नेमकं बोलणारी माणसं कागदावर आली की मोघम होतात, कारण अर्जाची भाषा म्हणजे काहीतरी वेगळी, जड भाषा अशी त्यांची समजूत असते. बोललेलं वाक्य आहे तसं आधी कच्च्या कागदावर उतरवा. सजवायचं काम नंतर, आणि तेही थोडंच.

काम सांगणारा शब्द नेमका निवडा

या पायरीवर घाई करू नका. मिळणे, दुरुस्त करणे, नोंद घेणे, नाव कमी करणे, रद्द करणे, परत मिळणे, मुदतवाढ मिळणे, हरकत, तक्रार, अपील : यातला प्रत्येक शब्द दप्तरात वेगळ्या वाटेने जातो.

‘हरकत’ आणि ‘तक्रार’ यांचंच घ्या. तुमच्या जमिनीवर कोणीतरी फेरफार धरला आणि तुम्हाला नोटीस आली. तिला उत्तर म्हणून तुम्ही देता ती हरकत. तिला साधारण १५ दिवसांची मुदत असते, ती मुदतीत आली तर गाव नमुना ६अ या वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते आणि मग सुनावणी होते. तोच मजकूर ‘तलाठ्याविरुद्ध तक्रार’ असा विषय घालून दिलात, तर तो कर्मचाऱ्याच्या वागणुकीबद्दलचा अर्ज समजला जाण्याची भीती असते. तो आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांची प्रकरणं पाहणाऱ्या, टेबलावर जाऊन बसतो आणि इकडे नोंद मंजूर होऊन जाते. राग तलाठ्याचा असेलही, आणि तो रास्तही असेल. पण आधी नोंद थांबवायची आहे, म्हणून विषयात ‘हरकत’च लिहा.

शेतरस्त्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. एक बाई अर्ज घेऊन आल्या होत्या. विषय होता : ‘रस्त्याबाबत.’ मी म्हटलं, ताई, रस्ता कसला? गावचा डांबरी का शेताचा? शेताचा, त्या म्हणाल्या. मग आम्ही लिहिलं : ‘शेतात जाण्यासाठी रस्ता मिळणेबाबत.’ एवढ्यावर थांबलो असतो तर चूक झाली असती. पुढचा प्रश्न विचारला, “आधी रस्ता नव्हताच का?” तर म्हणाल्या, “होता की! सासऱ्यांच्या वेळेपासून बैलगाडी जायची. जूनमध्ये शेजाऱ्याने चर खणला.”

इथे सगळं प्रकरण बदललं. मुळात रस्ता नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. वहिवाटीचा रस्ता होता आणि कोणी तो अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, पण चौकशी निराळी, पुरावे निराळे. आणि दुसऱ्यात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. ‘रस्ता मिळणेबाबत’ असा अर्ज करून पाच-सहा महिने वाट पाहिली असती, तर तोवर दुसऱ्या वाटेचं दार बंद झालं असतं. शेवटी ओळ अशी झाली :

विषय : वहिवाटीच्या शेतरस्त्यातील अडथळा दूर करण्याबाबत – मौजे पिंपळगाव बुद्रुक, गट क्र. ११४ च्या पूर्व बांधावरून गट क्र. ११७ कडे जाणारा रस्ता, अडथळा दि. १२ जूनपासून.

(गाव, गट आणि तारीख इथे नमुन्यापुरती बदलली आहेत.) ओळ लांब आहे, पण तिच्यातला एकही शब्द काढता येत नाही. कलमाचा आकडा खात्रीने माहीत असेल तर शेवटी घाला, टेबल लगेच कळतं. खात्री नसेल तर अजिबात घालू नका. चुकीचं कलम अर्ज चुकीच्या वाटेला लावतं. काम साध्या शब्दांत सांगितलं असेल तर कलम टेबलावरचा माणूस लावून घेतो.

कशाचं, कुठलं, कधीचं

कामाचा शब्द ठरला की त्याला ओळख जोडायची. प्रत्येक कार्यालय तुम्हाला वेगळ्या खुणेने ओळखतं. जमिनीला गाव आणि गट क्रमांक, हिस्सा असेल तर तोही : ११४ आणि ११४/२ ही दोन वेगळी शेतं आहेत. गावाचं नाव पुरं लिहा. खुर्द का बुद्रुक हे लिहिलं नाही तर कागद हमखास दुसऱ्या सज्जावर जातो, आणि वडगाव, पिंपळगाव तर तालुक्या-तालुक्यात आहेत, म्हणून तालुकाही हवा. शहरातल्या मिळकतीला नगर भूमापन क्रमांक. विजेच्या अर्जात बिलावरचा ग्राहक क्रमांक, महावितरणचा असेल तर तो १२ अंकी. शाळा-कॉलेजात परीक्षा, वर्ष आणि बैठक क्रमांक. सोसायटीच्या सचिवांना लिहिताना इमारत आणि फ्लॅट. ‘गळतीबाबत’ याऐवजी ‘ब-३०४ च्या न्हाणीघराच्या छतातून गळती’ लिहिलं तर ते आधी ब-४०४ चं दार वाजवतील.

आधार क्रमांक मात्र विषयात कधीही लिहू नका. बँक खात्याचा पूर्ण क्रमांक, मोबाइल, आजाराचं नावही नको. विषयाची ओळ नोंदवहीत उतरते, आणि ती नोंदवही दिवसभर कितीतरी हातांखालून जाते. आणखी एक बारीक गोष्ट. आधारही १२ अंकी आणि महावितरणचा ग्राहक क्रमांकही १२ अंकी, म्हणून आकड्याआधी ‘ग्राहक क्र.’ हे शब्द हवेतच. नुसता आकडा मुका असतो.

काळाबद्दल एवढंच : ‘मागील वर्षी’, ‘गेल्या महिन्यात’, ‘सध्या’ हे शब्द विषयातून काढून टाका. तुमचा कागद दोन वर्षांनी कोणीतरी उघडणार आहे, त्याचं ‘मागील वर्ष’ वेगळं असेल. महिना आणि साल लिहा, फेरफाराचा किंवा पावतीचा क्रमांक असेल तर तो लिहा.

महत्त्वाचं आधी

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. बोलताना हे सुंदर वाटतं, विषयाच्या ओळीत ते कधीकधी घात करतं. पुढची ओळ वाचा :

‘मौजे पिंपळगाव बुद्रुक येथील गट क्र. ११४/२ या माझ्या वडिलोपार्जित जमिनीच्या संदर्भात दि. ३ मे रोजी धरण्यात आलेल्या फेरफार क्र. ४८२ ला हरकत घेण्याबाबत.’

व्याकरणाने ओळ निर्दोष आहे. पण नोंदवहीचा रकाना ‘वडिलोपार्जित जमिनीच्या’पाशी संपतो आणि ‘हरकत’ हा प्राणशब्द बाहेर राहतो. संगणकाच्या यादीत तर ओळ त्याही आधी तुटते. म्हणून असा उलटा क्रम लावा :

‘फेरफार क्र. ४८२ ला हरकत – मौजे पिंपळगाव बुद्रुक, गट क्र. ११४/२.’

ओळ कुठेही तुटली तरी काम उरतं. पहिल्या चार-पाच शब्दांत काम, मग आडवी रेघ, मग ठिकाण आणि क्रमांक : ही सवय एकदा लागली की विषय आपोआप आटोपशीर होतो. वाक्य पुरं केलंच पाहिजे असं इथे बंधन नाही.

‘करणेबाबत’ का ‘करण्याबाबत’, असं मला बरेच जण विचारतात. दप्तरात ‘मिळणेबाबत’, ‘करणेबाबत’ रुळलेलं आहे. चालू भाषेत ‘करण्याबाबत’ बरोबर. मी दुसरं लिहितो. कुठलंही लिहा, त्यावरून कोणी अर्ज परत करत नाही. फक्त ‘बाबत’ लावलं की विषय झाला असं समजू नका. ‘जमिनीबाबत’, ‘बिलाबाबत’, ‘दाखल्याबाबत’ हे नुसते दिशा दाखवणारे हात आहेत, गावाचं नाव त्यावर नाही.

काय गाळायचं

‘न्याय मिळणेबाबत.’ माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त आलेला विषय हाच असेल. त्यामागची तळमळ खरी असते. दहा हेलपाटे घातलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. पण न्यायाचं वेगळं टेबल नसतं. विधवा पेन्शन थांबलेल्या बाईलाही न्याय हवा असतो आणि पंचनाम्यात नाव सुटलेल्या शेतकऱ्यालाही. दोघांचा विषय एकच झाला तर दोघांनाही ताटकळावं लागतं. ‘न्याय’ हा शब्द अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात जरूर लिहा. विषयात लिहा, ‘विधवा निवृत्तिवेतन जानेवारीपासून बंद – पुन्हा सुरू करण्याबाबत’.

‘विनंती अर्ज’, ‘अर्ज सादर करीत असलेबाबत’, ‘नम्र विनंती’, ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ हेही गाळा. अर्ज आहे हे दिसतंच आहे. तातडी खरी असेल तर तारीखच ती सांगते : ‘दि. २५ जूनच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला’ यात घाईचा एकही शब्द नाही, तरी कारकून कॅलेंडरकडे पाहतो.

कोणाचं नाव घेऊन आरोप करणारा विषयही टाळा. ‘अमुक यांनी केलेल्या फसवणुकीबाबत’ असं लिहिलं की पुढे सिद्ध करण्याचं ओझं ओळीपासूनच सुरू होतं. घडलेली गोष्ट लिहा : ‘खरेदीखतात नसलेले क्षेत्र फेरफारात धरल्याबाबत’.

एका अर्जात एकच गाऱ्हाणं

विषय लिहून झाला की त्यात ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ शोधा. सापडला तर बहुतेक वेळा तिथे दोन अर्ज आहेत. ‘शिधापत्रिकेत मुलाचे नाव वाढवणे व सातबाऱ्यावरील बोजा कमी करणे’ असा एकच अर्ज आला तर तो पुरवठ्याकडे द्यायचा की जमिनीकडे? कागद एका वेळी एकाच टेबलावर राहू शकतो. तिथलं काम झालं की तो निकाली म्हणून फाइलला लागतो आणि दुसरं काम तसंच राहतं. हेलपाटा वाचावा म्हणून लोक असं करतात, पण दोन वेगळे कागद एकाच दिवशी, एकाच खिडकीत देता येतात.

माहितीच्या अधिकारात तर हा नियमच आहे. महाराष्ट्रात २०१२ च्या दुरुस्तीपासून एका अर्जात एकाच विषयाची माहिती मागायची आणि अर्ज साधारणपणे १५० शब्दांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात ‘माहितीचा विषय’, ‘कालावधी’ आणि ‘वर्णन’ अशा वेगळ्या जागा दिलेल्या आहेत. लोक तिन्हींत तेच तेच लिहितात. विषयात वस्तू लिहा, कालावधीत तारखा, वर्णनात कागदांची नावं.

‘ग्रामपंचायतीच्या भ्रष्ट कारभाराची माहिती’ हा विषय होत नाही. त्याला ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर येतं. ‘स्मशानभूमी शेडच्या बांधकामाचा खर्च’ हा विषय. कालावधी : १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३. वर्णन : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती. असा अर्ज कोणालाही मोघम म्हणता येत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पुढची ३० दिवसांची मुदत मोजायला लागा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पण योग्य ठिकाण कोणतं हे त्यांना कळायलाही विषयच नेमका लागतो.

ई-मेल आणि ऑनलाइन अर्ज

इथे नियम तेच, जागा आणखी कमी. मोबाइलवर विषयाचे सुरुवातीचे पाच-सहा शब्दच दिसतात. परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहून गावच्या जमिनीसाठी लिहिणाऱ्यांना ई-मेलशिवाय सोय नसते, त्यांनी तर ‘माहिती हवी आहे’ असा विषय कधीच घालू नये. जोडलेल्या फाइलला फोनने दिलेलं आकड्यांचं नाव ठेवू नका. ‘गट ११४-२ हस्तलिखित उतारा’ असं नाव दिलं की फाइल ई-मेलपासून सुटली तरी ओळखू येते.

स्मरणपत्र देताना

पहिल्या अर्जाचं उत्तर आलं नाही तर लोक दुसरा अर्ज नव्या विषयाने करतात, बहुधा अधिक रागाच्या. मग दप्तरी दोन वेगळी प्रकरणं तयार होतात आणि दोन्ही एकमेकांची वाट पाहत बसतात. स्मरणपत्रात विषय शब्दशः तोच ठेवा, फक्त सुरुवातीला ‘स्मरणपत्र १ :’ जोडा. त्याखाली संदर्भ : ‘माझा दि. … चा अर्ज, आपला आवक क्र. …’. कारकुनाला मूळ कागद काढायला हे दोन आकडे पुरतात.

देण्याआधीची परीक्षा

अर्ज पूर्ण झाला की वहीच्या पुठ्ठ्याने सगळा मजकूर झाका, फक्त विषय उघडा ठेवा. घरातल्या कोणाला तरी, शक्यतो ज्याला प्रकरण माहीत नाही त्याला, तेवढंच वाचायला द्या आणि विचारा : याला काय करून हवंय? कशाचं? कुठलं? तीन उत्तरं बरोबर आली तर अर्ज द्या. एखाद्या उत्तराला तो “असेल काहीतरी” म्हणाला, तर तिथेच शब्द कमी पडला आहे. माझ्या आजोबांच्या अर्जाला ही परीक्षा लावली असती, तर ओळ अशी झाली असती : ‘संगणकीकृत सातबाऱ्यावरील वडिलांच्या नावातील लेखनप्रमाद दुरुस्ती – मौजे …, गट क्र. …’. पुढे त्यांचा नवा अर्ज आम्ही याच विषयाने घेतला. तो पहिल्याच दिवशी योग्य टेबलावर गेला.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर पोहोच घ्या आणि खिडकी सोडण्याआधी शिक्क्यातला आवक क्रमांक आणि तारीख वाचता येते का ते पाहा. शाई पुसट उमटली असेल तर तिथेच पुन्हा शिक्का मारून मागा, आणि जमलं तर नोंदवहीत तुमच्या नावापुढे विषय काय उतरवला आहे तेही विचारून घ्या.